काढलेले लोखंड

वकिलाकडे येणारा माणूस पुष्कळदा प्रश्न घेऊन येत नाही. तो उत्तर ठरवूनच येतो आणि त्यावर आमची मोहोर तेवढी मागतो. निपाणीचे एक गृहस्थ काही काळापूर्वी माझ्याकडे आले ते असेच. त्यांच्या आजोबांची तंबाखूची पेढी होती. पेढीच्या भरभराटीच्या दिवसांत आजोबांनी १९३० सालची एक फोर्ड मोटार घेतली होती. कंपनीने या नमुन्याला 'मॉडेल ए' असे अगदी साधे नाव दिले होते. ही मोटार कित्येक वर्षे जुन्या वखारीत ताडपत्रीखाली उभी होती. घरातील तरुण मंडळींना ती पुन्हा चालती करण्याची हौस उत्पन्न झाली. इंजिन उघडले, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीपासून झडपेच्या बैठकीपर्यंत ओतीव लोखंडाला तडा गेलेला आढळला. दूरच्या एका शहरातील जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याने यावर उपाय सुचविला होता. त्याच्यापाशी त्याच नमुन्याचे, बऱ्या स्थितीतील दुसरे इंजिन होते. ते तो देणार होता. आणि थोडे अधिक पैसे मोजल्यास त्यावरील क्रमांक घासून काढून त्या जागी आजोबांच्या इंजिनाचा क्रमांक ठोकून देणार होता. "इंजिन त्याच जातीचे, क्रमांक आमचाच, कागदही आमचेच. यात कुणाचे काय बिघडले, वकीलसाहेब?" असा त्यांचा सवाल होता.

कायद्याचे उत्तर देण्यास मला अर्धे मिनिटही लागले नाही. इंजिन बदलणे हा अपराध नाही. बदल नोंदणी अधिकाऱ्यास कळवावा, खरा क्रमांक नोंदवून घ्यावा, म्हणजे झाले. क्रमांक घासून दुसरा ठोकणे मात्र बनावट आहे, आणि तिच्या वाटेला जाऊ नये. गृहस्थ शांतपणे म्हणाले, "कायदा समजला. पण यात चूक कोणती, ते सांगा." आणि माझी पंचाईत झाली. जे बेकायदेशीर ते वाईट, असे म्हणून सुटका करून घेणे वकिलाला शोभत असेल, पण विचार करणाऱ्या माणसाला शोभत नाही. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता मी जेथे जाऊन पोहोचलो, ती जागा मला फारशी सुखाची वाटली नाही. तो प्रवास येथे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वस्तूचे भाग बदलत गेले तर ती वस्तू तीच राहते काय, हा प्रश्न फार जुना आहे. अथेन्सच्या लोकांनी थीसिअसचे जहाज जपून ठेवले होते. कुजलेली फळी काढून ते नवी बसवीत, आणि त्यावरून तत्त्वज्ञांत वाद माजे, असे प्लूटार्कने नमूद केले आहे. सतराव्या शतकात हॉब्जने त्यात आणखी एक पेच घातला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून त्यांचे दुसरे जहाज उभारले, तर खरे जहाज कोणते? आपल्याकडे 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात हाच विषय रथाच्या रूपाने आला आहे. आपण रथातून आलो, असे राजा मिलिंद सांगतो. तेव्हा आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय, असे एकेक विचारीत भिक्षू नागसेन त्याला कबूल करावयास लावतो, की रथ ही कोणतीही एक वस्तू नसून अनेक भागांच्या आश्रयाने रूढ झालेली ती एक संज्ञा आहे.

वरवर पाहता नागसेन आमच्या निपाणीकर गृहस्थांचाच वकील ठरतो. रथ ही जर केवळ संज्ञा, तर क्रमांक ही त्याहून क्षुल्लक संज्ञा. ती या लोखंडावर असली काय आणि त्या लोखंडावर असली काय! परंतु किंचित थांबून पाहिले, की या युक्तिवादातील फट दिसू लागते. नागसेनाने राजापासून काहीच लपविले नव्हते. रथाचे सारे भाग त्याने राजासमोर एकेक करून मोजले. अथेन्सवासीही फळ्या उघडपणे बदलीत होते. संज्ञा जर लोकांच्या संमतीवर उभी असेल, तर ती संमती जाणतेपणी दिलेली असावयास हवी. खोटा क्रमांक संज्ञेची थट्टा करीत नाही. ज्या विश्वासावर संज्ञा चालते तो विश्वासच तो चोरतो.

आम्हा सीमाभागातील माणसांना संज्ञांचा चंचलपणा नव्याने शिकविण्याची गरज नाही. ही मोटार घरात आली तेव्हा निपाणी मुंबई इलाख्यात होती. स्वातंत्र्यानंतर ती मुंबई राज्यात राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती म्हैसूर राज्यात गेली. त्या राज्याचे १९७३ साली कर्नाटक झाले, आणि २०१४ साली जिल्ह्याच्या ठिकाणाचे सरकारी नाव बेळगावचे बेळगावी झाले. मोटार वखारीतून तसूभर हलली नाही, आणि तरीही इतक्या राज्यांची रहिवासी झाली. आजच्या व्यवस्थेत निपाणीच्या गाड्यांवर चिकोडी कार्यालयाची 'केए-२३' ही अक्षरे येतात. पाट्या बदलल्या, पण इंजिनाच्या डाव्या अंगाला ठोकलेला क्रमांक कारखान्यातून निघाला तसाच राहिला. ज्या घराने इतकी नावे बदलताना पाहिली, त्यानेच न बदललेला तो एक आकडा बदलावा, यात मला काही विपरीत दिसत होते. परंतु विपरीत दिसणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे.

येथे कायद्यानेही एक गमतीचा घोळ करून ठेवला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली जुन्या वाहनांसाठी एक स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना त्यान्वये 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि मुदत १० वर्षांची. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, आणि गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. मात्र गाडी मूळ स्वरूपात असावी, आणि तिच्या सांगाड्यात, कवचात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. हेतू स्तुत्य आहे. परंतु ९५ वर्षांचे इंजिन 'मूळ स्वरूपात' चालते ठेवणे म्हणजे नेमके काय, हे नियम सांगत नाही. ते जाणून घेण्यासाठी मला विधिग्रंथ सोडून बेळगावच्या कँपातील एका शेडमध्ये जावे लागले.

त्या शेडचे धनी सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांचे वडील गोव्याहून येथे आले आणि घाटातून धावणाऱ्या सर्व्हिस मोटारींच्या दुरुस्तीत त्यांचा जन्म गेला. मुलाने ती विद्या उचलली. सारे त्यांना 'मेस्त' म्हणतात. मीही तेच म्हणतो. निपाणीकरांचे इंजिन तेथे आणून ठेवले, तेव्हा मेस्तनी पहिले काही दिवस त्याला काहीच केले नाही. दट्टे सिलिंडरांत गंजून घट्ट बसले होते. प्रत्येक सिलिंडरमध्ये त्यांनी पातळ तेल ओतले आणि वर फडके झाकून ठेवले. गृहस्थांच्या पुतण्याने हातोडा व लाकडी ठोकळा पुढे केला, तेव्हा ते म्हणाले, "बाळा, गंजाला घाई नव्हती. आपण का करायची?" आठव्या की नवव्या दिवशी दट्टे आपण होऊन सैल झाले.

मग मोजमाप सुरू झाले. मोटार-मिस्त्रीचे माप म्हणजे 'थाऊ', इंचाचा एक हजारावा भाग. माणसाचा केस दोन ते चार थाऊ जाडीचा असतो, एवढे सांगितले म्हणजे कल्पना येईल. या इंजिनाच्या सिलिंडरचा मूळ व्यास ३ पूर्णांक ७/८ इंच, आणि दट्ट्याची धाव सव्वाचार इंच. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचून क्षणभर थांबतो व परततो. तेथे उष्णता व दाब सर्वाधिक, आणि तेल सर्वांत कमी. म्हणून झीज तेथे अधिक होते, आणि तिच्या वर न झिजलेल्या लोखंडाची एक बारीक कड उरते. ती कड आधी कापून घेतल्याशिवाय दट्ट्या वरून काढू गेल्यास दट्ट्याच तुटतो. मेस्तनी प्रत्येक सिलिंडर तीन खोलींवर आणि प्रत्येक खोलीवर दोन दिशांनी मोजला आणि चोवीस आकडे वहीत मांडले. आमच्या न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणीही इतक्या सावधपणे होत नाही.

तडा कोठवर गेला आहे, हे पाहण्याची त्यांची रीत जुनी व बिनखर्चाची होती. लोखंडावर रॉकेल चोळावयाचे, थोड्या वेळाने ते कोरडे पुसून काढावयाचे आणि वर खडूची पूड भुरभुरावयाची. तड्यात मुरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. क्रँक त्यांनी दोरीने टांगला आणि लहान हातोडीने त्यावर टिचकी मारली. तो देवळातील घंटेसारखा घुमला. "हा शाबूत आहे," मेस्त म्हणाले. "तडकलेला क्रँक बद्द बोलतो."

परंतु मला अंतर्मुख केले ते बेअरिंगांनी. या इंजिनात आजच्यासारखी सुटी, विकत मिळणारी बेअरिंगे नसतात. 'व्हाइट मेटल' नावाचा मिश्रधातू वितळवून तो जागच्या जागी ओततात. अमेरिकेतील आयझॅक बॅबिट यांनी १८३९ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. त्यात मुख्यतः कथील असते, आणि थोडे अँटिमनी व तांबे. कनेक्टिंग रॉडच्या तोंडाला प्रथम नवसागराने स्वच्छ करून कल्हई करावयाची. आपल्या दारात येणारा कल्हईवाला पातेल्याला करतो, तीच क्रिया. मग तापविलेल्या धातूत लाकडाची काडी बुडवून पाहावयाची. काडी तपकिरी होऊन करपली तर ताप योग्य. पेटली तर अधिक. आणि तशीच राहिली तर कमी. ओतताना धार तुटता कामा नये. तुटली तर दोन थरांमध्ये न दिसणारी शीव राहते, आणि पुढे नेमके तेथूनच बेअरिंग फुटते.

"इतका मऊ धातू कशासाठी?" मी विचारले. नखाने दाबला तरी ओरखडा पडेल की काय, असे वाटावे इतका तो मऊ होता. मेस्तनी समजावून सांगितले: क्रँक पोलादाचा, महागाचा, पुन्हा न मिळणारा. तेलातून बारीक कचरा आला, तर तो मऊ धातूत रुतून बसतो आणि क्रँकवर चरा पडत नाही. तेल अजिबात तुटले, तर हा धातू आधी वितळतो, आवाज करतो, चालकाला सावध करतो आणि क्रँक वाचवितो. म्हणजे झिजावे व मरावे, यासाठीच त्याची योजना आहे. हे ऐकताच नियमातील 'मूळ स्वरूप' हा शब्द माझ्या डोळ्यांसमोर डळमळू लागला. ज्या यंत्राच्या निर्मात्याने त्याच्या पोटातच काही भाग बळी म्हणून घातले आणि ते वेळोवेळी बदलले जावेत असे गृहीत धरले, त्या यंत्राचे मूळ स्वरूप म्हणजे मूळचा प्रत्येक कण, असे कसे म्हणता येईल? येथे दुरुस्ती हा मूळ रचनेतीलच एक भाग होता. आपल्या भाषेत 'जीर्णोद्धार' हा शब्द आहे, आणि त्यात जीर्ण होण्याची लाज नाही. जे झिजले त्याला वर उचलणे, एवढाच त्याचा अर्थ.

मग प्रश्न उरतो तो मर्यादेचा. काय बदलावे, काय राखावे आणि किती काढावे? सिलिंडरची झीज घालविण्याचा मार्ग म्हणजे भोक थोडे मोठे करून पुन्हा गोल करणे आणि त्या मापाचे जाड दट्टे बसविणे. दट्टे वीस, तीस, चाळीस, साठ थाऊ अशा ठरलेल्या वाढीत मिळतात. पुतण्याचे म्हणणे असे, की एकदाच साठचे बसवावे. भिंत निर्मळ होईल, चिंता मिटेल. मेस्तनी मान हलविली. त्यांच्या चोवीस आकड्यांवरून तीसमध्ये काम भागत होते. रिबोअरिंगच्या यंत्रावर उभ्या असलेल्या पोराला ते म्हणाले, "पयलीं मेज, मागीर काड. एक फावट काडिल्लें लोखण परत लावंक येना."

हे वाक्य मी घरी घेऊन आलो. दिसावयास ते कारागिराचे साधे सूत्र आहे, पण मला त्यात दुरुस्तीचे सारे नीतिशास्त्र दिसते. चित्रावर चढविलेला रंग उतरविता येतो, भिंतीला दिलेला गिलावा खरवडता येतो. काढलेला धातू मात्र परत येत नाही. सिलिंडरची भिंत एका ठरावीक मर्यादेपर्यंतच पातळ करता येते. तिच्यापुढे गेल्यास आत नवी नळी ठोकावी लागते, आणि मग ती भिंत त्या इंजिनाची म्हणता येत नाही. म्हणजे प्रत्येक मिस्त्री त्या लोखंडाच्या शिलकीतून काही उचल करीत असतो. त्याला तीसची गरज असता त्याने साठ उचलले, तर वरचे तीस तो कोणाचे घेतो? ज्याचा अजून जन्मही झाला नसेल, अशा पुढच्या मिस्त्रीचे.

हा विचार कायद्याला अपरिचित नाही, हे पाहून मला समाधान वाटले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या १०८ व्या कलमाने भाडेकरूवर असे बंधन घातले आहे, की जागा ज्या स्थितीत घेतली त्याच चांगल्या स्थितीत ती परत करावी. वाजवी वापराने झालेली झीज आणि अनिवार आपत्ती तेवढी माफ. ज्याला मालमत्तेचा उपभोग केवळ हयातीपुरता मिळाला आहे, त्याने फळे खावीत, पण झाड तोडू नये, हेही तत्त्व जुनेच आहे. कायद्याने वापराला दोष दिला नाही. वापरण्याच्या मिषाने उधळपट्टी करणाऱ्याला दिला. जुन्या वस्तूचा मालक कागदावर मालक असतो. वस्तुतः तो तिचा आजन्म भाडेकरू असतो.

तड्याचे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. ओतीव लोखंडाला डाख देणे जोखमीचे असते. सारा ठोकळा आधी तापवावा लागतो आणि नंतर राखेत अगदी सावकाश निववावा लागतो. घाई झाल्यास डाखाशेजारचे लोखंड काचेसारखे ठिसूळ बनून नवा तडा जातो. मेस्तनी थंड मार्ग पत्करला. तड्याच्या रेषेवर ओळीने भोके पाडावयाची, त्यांत आटे पाडून धातूच्या खुंट्या पिळावयाच्या, आणि प्रत्येक नवी खुंटी आधीच्या खुंटीचा थोडा भाग कापून बसवावयाची, म्हणजे ती साखळीसारखी एकमेकींत गुंतते. मग तड्याला आडव्या अशा कुलपी पट्ट्या बसवावयाच्या. फाटक्या वस्त्राला टाके घालावेत, तसेच हे काम. झडपेच्या बैठकीसाठी नवी कडी बसविली. या साऱ्या खटाटोपाला दुसऱ्या इंजिनाच्या किमतीहून अधिक खर्च आला, आणि घरातील वडील बंधूंनी तो बोलूनही दाखविला.

टाके पूर्ण झाल्यावर गृहस्थांनी विचारले, "वरून काही भरून, घासून, हे दिसेनासे करता येईल का?" मेस्तना प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, "वर हेड बसणार. हेड काढल्याशिवाय हे दिसणार कोणाला? आणि हेड काढील तो मिस्त्रीच असणार. त्याच्यापासून लपवून काय मिळवायचे? त्याला तर दिसलेच पाहिजे." इतके बोलून त्यांनी आकड्यांचे ठसे काढले. दूरच्या व्यापाऱ्याने ज्या प्रकारच्या ठशांनी खोटा क्रमांक ठोकण्याची तयारी दर्शविली होती, त्याच प्रकारचे हे ठसे. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर त्यांनी '३०' असा आकडा ठोकला, आणि क्रँक दहा थाऊ घासला होता म्हणून त्याच्या अंगावर '१०'. पुढच्या मिस्त्रीला मोजण्याआधीच कळावे, की येथे कोणी येऊन गेला आहे आणि त्याने इतके काढले आहे.

निपाणीकरांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या क्षणी मिळाले. हातोडा तोच, ठसा तोच, लोखंड तेच. आणि तरीही एक कृती सत्य होती व दुसरी असत्य. मेस्तचा आकडा सांगत होता: हे पूर्वीसारखे राहिलेले नाही, किती राहिलेले नाही, ते वाचून घ्या. व्यापाऱ्याचा आकडा सांगणार होता: येथे काहीच घडले नाही. बदलात पाप नाही. बदलाचा पुरावा पुसून टाकण्यात आहे, कारण त्या पुसण्याने पुढे येणाऱ्याचे डोळेच काढून घेतले जातात. आजोबांचे इंजिन कायमचे गेले असते, तर ते गेले असे लिहून दुसरे बसविणेही सन्मानाचे ठरले असते.

यावर दोन आक्षेप येतील. एक असा, की हे श्रीमंतांच्या खेळण्याचे कौतुक आहे. ज्या देशात पुष्कळांना रोजची बस मिळत नाही, तेथे थाऊ मोजीत बसण्यात कसले नीतिशास्त्र? आक्षेपात तथ्य आहे. तथापि मेस्तच्याच शेडमध्ये, त्या फोर्डच्या शेजारी, विहिरीवरचे एक डिझेल इंजिन उघडून ठेवलेले मी पाहिले. त्याचेही आकडे त्याच वहीत, तितक्याच काळजीने मांडलेले होते. किंबहुना या गावाला ही परंपरा जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले ते बेळगावातच; तेथून ते कडबा कापण्याच्या यंत्रांकडे व लोखंडी नांगराकडे वळले आणि १९१० साली कुंडलच्या माळावर गेले. आजही उद्यमबागेत आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ज्या लेथवर हौशी धनिकाचा क्रँक चढतो, त्यावरच ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरचाही चढतो. शेतकऱ्याच्या इंजिनातून फुकट काढलेले तीस थाऊ श्रीमंताच्या मोटारीतल्यापेक्षा महागच पडतात.

दुसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा: वस्तूला हातच लावू नये, ती सापडली तशीच ठेवावी. हे प्रामाणिक आहे, यात शंका नाही. परंतु ताडपत्रीखालचे ते इंजिन 'मूळ स्वरूपात' होते, आणि त्या स्वरूपातच ते मरत होते. हात न लावणे हाही एक निर्णय असतो, आणि त्याचीही किंमत पुढचाच मोजतो. नव्याने छेदलेल्या सिलिंडरवर शेवटी दगडाने बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा पाडतात, हे मला तेथेच कळले. भिंत आरशासारखी गुळगुळीत ठेवली तर तेल टिकत नाही आणि कड्या बसत नाहीत. थोडे ओरखडे असल्याखेरीज घर्षण सोसता येत नाही, असा त्याचा अर्थ.

येथे लेख संपविता आला असता. परंतु दुसऱ्यांना आरसा दाखवून स्वतः बाजूला उभे राहण्याची जी सवय आमच्या धंद्याला आहे, ती या विषयात तरी चालू नये.

२०१३ साली माझे वडील वारले. मागे बेळगावातील घर, आम्ही दोघे भाऊ आणि थोरली अक्का. अक्काचा वाटा कायद्याने निर्विवाद होता. पण घराचे कागद 'स्वच्छ' असावेत, पुढे कटकट नको, या विचाराने मी तिच्या नावाने हक्कसोडपत्र तयार केले. मसुदा माझाच; त्यात आजही कोणाला चूक काढता येणार नाही. अक्काने विचारले, "सही कुठे करू?" आणि केली. मोबदल्याच्या जागी बंधुप्रेमाचा उल्लेख होता. तो शब्दही मीच घातला होता. गरज किती होती? भावाला कर्ज काढावयाचे होते. त्यासाठी एका खोलीपुरता करार पुरेसा होता. मी मोजले नाही. तीसच्या जागी साठ काढले, भिंत निर्मळ झाली. त्यानंतर अक्का दिवाळीला येते, पण पाहुणी म्हणून येते. ज्या फडताळात तिचे बालपण गेले, ते उघडण्याआधी ती माझ्या पत्नीला विचारते.

ते लोखंड परत लावता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. मी बक्षीसपत्र करून देतो असे म्हणालो, तर ती हसून नको म्हणेल. आणि तिने घेतलेच, तरी न विचारता फडताळ उघडणारा तो हात काही परत येणार नाही. मेस्तचा आकडा पाहून आल्यावर मी एवढेच केले, की घराच्या कागदांच्या फायलीत, हक्कसोडपत्राच्या नकलेमागे, एक पान लिहून ठेवले. या घरात अक्काचा तिसरा हिस्सा होता. तो तिने मोबदला न घेता सोडला. सोडावा असे मी सुचविले. आणि त्याची तितकी गरज नव्हती. खाली सही व तारीख घातली. कायद्याच्या दृष्टीने या पानाला काही किंमत नाही. ते माझ्या व भावाच्या मुलांसाठी आहे. ते पान घेऊन मी अक्काकडे गेलो. तिने चष्मा लावून ते सावकाश वाचले, घडी घालून मला परत दिले आणि म्हणाली, "एवढे लिहायला इतकी वर्षे लागली का रे तुला?"

निपाणीची मोटार आता चालू आहे. सुरू करताना सुकाणूजवळचा ठिणगीचा दांडा मागे घ्यावा लागतो. विसरल्यास हँडल उलटून मनगट मोडते. कागद पुरे होईपर्यंत ती रस्त्यावर आणावयाची नाही, या माझ्या हट्टामुळे ती वखारीच्या आवारातच दोन फेऱ्या मारून थांबते. मागच्या बेअरिंगाखाली तेलाचे चारदोन थेंब पडतात. तो या नमुन्याचा जन्मस्वभाव आहे, असे मेस्त म्हणतात. नोंदणीच्या अर्जासोबत आम्ही तड्याचे टाके, तीस थाऊंचे रिबोअर, नव्याने ओतलेली बेअरिंगे, सारे काही लिहून दिले आहे. 'मूळ स्वरूप' या शब्दांचा अर्थ अधिकारी कसा लावतील, हे मी लिहीत असता ठरलेले नाही. खरे सांगितल्यामुळे नोंदणी नाकारली जाण्याचाही संभव आहे, ही गोष्ट मी गृहस्थांना स्पष्ट सांगितली. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "नाकारू द्या. आजोबांची गाडी आहे, एवढे तरी आता खरे आहे."